नागपूरच्या लाकडगंजातून फळी कापून आणली अन घरीच टपालाचं खोकं बनवलं, दुकानाला पाचपैकी साडेतीन

साडेतीन का ते आधीच सांगून टाकते. लाकूड एकदम मस्त, वागणूक चांगली, भाव ठीक. पण कापताना माप चुकलं अन त्याच्यासाठी मी दीड स्टार कापला. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण चूक अर्धी माझी होती, अन दुसरं म्हणजे लाकडगंजात अशी दुकानं एका रांगेत आहेत, तुम्ही ज्याच्यात शिरसाल तिथं हेच होणार, म्हणून हे सगळ्या रांगेसाठीच समजा.

आता हे खोकं कायले पाहिजे होतं ते. आमच्या घरी टपाल येतं, अजूनही येतं. लाइटचं बिल, पाण्याचं बिल, महानगरपालिकेची टॅक्सची डिमांड, एलआयसीचे कागद, बँकेचं काहीबाही, अन जानेवारी ते मे नुसत्या लग्नपत्रिका. माझे सासरे, बाबा, आरएमएसमधून रिटायर झाले, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, नागपूर स्टेशनवर सॉर्टिंगला होते. सगळी जिंदगी दुसऱ्यांची पत्रं खणात टाकली, त्यामुळे घरातले कागद टीव्हीच्या मागं, फ्रिजवर अन डायनिंग टेबलच्या काचेखाली पडलेले त्यांना पाहवत नाहीत. महावितरण कागदी बिल बंद केलं तर दहा रुपये सूट देत होती म्हणून मी एकदा म्हटलं की करून टाकू, तर म्हणाले दहा रुपये मी तुला देतो, कागद बंद नको करू.

तर मागच्या वर्षी ऑनलाइन एक रेडिमेड ऑर्गनायझर मागवला होता, 699 रुपये, फोटोत एकदम लाकडी, वरून छान वॉलनट कलर. आला तेव्हा उचलून पाह्यला तर समजलं की एमडीएफ आहे अन वर कागद चिकटवला आहे. तरी म्हटलं जाऊ द्या न, कागदच तर ठेवायचे आहेत, पुस्तकं नाही. पण मी एक गोष्ट विसरले की आपण नागपुरात राहतो अन आपल्या घरी एप्रिलपासून कूलर चालतो. पुण्यामुंबईवाल्यांना वाटते लाकूड फुगते पावसाळ्यात. आपल्याकडं ते मे महिन्यातच फुगते, बाहेर पंचेचाळीस अन सगळं ठणठणीत कोरडं, अन हॉलमधे कूलरसमोर बसलं की चादर दमट लागते. एमडीएफ म्हणजे लाकडाचे अगदी बारीक तंतू करून डिंकात दाबलेले, वरचा कागद ठीक असतो पण कापलेली कड उघडी राहिली की ती ब्लॉटिंग पेपरसारखी पाणी पिते. आमचा तो ऑर्गनायझर चपला ठेवायच्या रॅकवर होता, कूलरच्या सरळ समोर. महिन्याभरात खालची कड अशी फुलली जशी चहात बुडवलेली टोस्ट, अन मधला पार्टिशन खाचेत अडकला तो निघेचना.

तेव्हाच ठरवलं की यावेळी खरं लाकूड. यूट्यूबवर पाहून पाहून डोकं फिरलं, त्यात सगळ्यांकडं दहा दहा मशीनी. माझ्याकडं काय होतं, एक ड्रिल मशीन, बाबांची करवत, गुण्या, हातोडी. म्हणून डिझाइन असं पाहिजे होतं की कापायचं काम दुकानवाला करेल अन मी घरी फक्त जोडीन.

माप कसं काढलं ते लिहिते कारण लोक इथंच चुकतात, आधी खोकं बनवतात मग त्यात पाकीट मावत नाही. मी आधी घरातले सगळे कागद पलंगावर पसरले अन टेप घेऊन बसले. ऑफिसचं लांब पाकीट 11 बाय 5 इंच निघालं, म्हणजे आतली रुंदी 11 पेक्षा जास्त पाहिजे. ए4 कागद न दुमडता येतो ते मोठं खाकी पाकीट 12 बाय 10, ते आडवं कशातच मावणार नाही पण उभं ठेवलं तर 10 इंचात बसते. म्हणून आतून साडेअकरा इंच रुंद धरलं, दोन्हीचं काम झालं. मागची पाठ 9 इंच उंच म्हणजे खाकी पाकीट तीन इंच वर दिसते, त्याला इलाज नाही, त्याच्यासाठी पूर्ण फूटभर उंच केलं तर लाइटचं बिल आत विहिरीत पडल्यासारखं दिसते.

खण किती पाहिजे यावर बाबांशी जरा वाजलं. माझं म्हणणं पाच, बिलाचा वेगळा, बँकेचा वेगळा, पत्रिकांचा वेगळा असं. ते म्हणाले बेटा, खण विषयानं पाडायचे नाही, पुढं काय करायचं त्यानं पाडायचे. सॉर्टिंगला पाकिटात काय आहे ते कोण पाहते, कुठं जायचं तेवढं पाह्यचं. मग पिनकोडवर गाडी गेली, ती जातेच, की पहिला आकडा 4 दिसला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड एवढ्यातलं, पहिल्या तीन आकड्यांत सॉर्टिंगचा जिल्हा समजला, शेवटचे तीन कुठल्या पोस्टातून वाटायचं त्यासाठी. अन हे 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालं अन काढणारा आपला मराठी माणूस होता, श्रीराम भिकाजी वेलणकर, हे आमच्या घरी गणपतीच्या आरतीइतकं पाठ आहे. पण मुद्दा बरोबर होता. तीनच खण केले. आलेलं, भरायचं, ठेवायचं. पत्रिका आलेल्यात राहते, लग्न झालं की जाते.

आता दुकान. मी राहते त्रिमूर्ती नगरकडं, तिथून सुभाष नगरला मेट्रोत बसायचं अन सरळ टेलिफोन एक्सचेंजला उतरायचं, मधे बदलावं लागत नाही. उतरून रिक्षा केली. गाडी घेऊन जाऊ नका, सकाळी अकरानंतर त्या गल्ल्यांत ट्रक लाकडं उतरवत असतात अन तुमची ॲक्टिवा मधे अडकली की हॉर्न वाजवत बसा.

दुकानात शिरल्यावर पाच मिनिटं कोणी विचारलंच नाही. तिथं घराची चौकट, दरवाजे घेणारे लोक येतात, त्यांच्यामधे एक बाई हातात वहीचं पान घेऊन उभी. मग सेठ म्हणाले, मॅडम क्या चाहिए. मी म्हटलं अर्ध्या इंचाची सागाची फळी, सहा इंच रुंद, साडेतीन फूट. हसले नाही हे महत्त्वाचं. आणखी दोन दुकानांत मी आधी गेले होते, एकानं इतकं छोटं ठेवत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं प्लाय घ्या म्हणून पाठवलं. यांनी मागच्या कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या ढिगाकडं बोट दाखवलं, चौकटी कापून उरलेले तुकडे, अन म्हणाले जे पाहिजे ते काढा. मला तर खजिनाच वाटला.

निवडताना दोन गोष्टी पाहून घ्या. सागाच्या फळीत एका कडेला कधी कधी पांढरट पट्टा असतो, तो झाडाच्या बाहेरच्या बाजूचा कच्चा भाग, तिथं उधई पहिले लागते, तो सोडून द्या. अन गाठ बरोबर टोकाशी आली असेल तर तिथं स्क्रू जात नाही, फाटते. ताजं कापलेलं साग हाताला जरा तेलकट लागते अन चामड्यासारखा वास येतो, मला तो वास आवडतो, काहींना नाही आवडत.

सेठ म्हणाले हा गडचिरोलीकडच्या अलापल्लीचा माल, सीपी टीक, अयोध्येला गेला तोच. आता 2023 च्या मार्चमधे बल्लारशाहच्या डेपोतून अयोध्येला राममंदिरासाठी साग गेला होता हे खरं आहे, पेपरात फोटोबी आले होते, पण तेव्हापासून विदर्भातला प्रत्येक लाकूडवाला आपली फळी त्याच झाडाची सांगतो. सीपी म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस, नागपूर ज्याची राजधानी होती ते, राज्य गेलं पण लाकडाच्या भावात अजून जिवंत आहे. माझ्या फळीवर कुठला शिक्का नव्हता त्यामुळे मी अलापल्लीचे पैसे दिले की आणखी कुठले ते देवाला माहीत, पण साग होता यात वाद नाही.

भाव घनफुटावर सांगतात, सीएफटी म्हणतात, अन इथं नवीन माणूस गडबडतो. हिशोब सोपा आहे, लांबी रुंदी जाडी तिन्ही इंचात घेऊन गुणायचं अन 1728 नं भागायचं. पण जाडी धरतात रंधा मारायच्या आधीची. मला पाहिजे होती अर्धा इंच, कच्ची फळी होती पाऊण, तर पैसे पाऊण इंचाचे. 42 गुणिले 6 गुणिले पाऊण म्हणजे 189, भागिले 1728 म्हणजे साधारण 0.109 घनफूट, भाव साडेतीन हजार सांगितला, झाले 380 रुपये. मी मोबाइलवर हिशोब करून पाह्यला अन बरोबर निघाला, इथं काही फसवणूक नाही. पाव इंच भुशात गेला त्याचेबी पैसे आपणच देतो, पण ते सगळीकडंच आहे. मशीनचा रंधा मारायचे 60, एका कापाचे 20.

अन आता तो दीड स्टार. माझी यादी अशी होती, दोन बाजू 9-9 इंच, तळ साडेअकरा, समोरची पट्टी साडेबारा. बेरीज करा, बरोबर 42 होते, म्हणजे साडेतीन फूट. मला वाटलं काय हुशार आहो आपण, इंचभरबी वाया नाही. मशीनवरच्या दादानं यादी पाह्यली, काही बोलला नाही, पहिले फळीचं टोक सरळ करायला एक काप मारला अन मग धडाधड तीन. करवतीचं पातं प्रत्येक कापात तीन एमएम लाकूड खाते. चार काप म्हणजे बारा एमएम, म्हणजे जवळपास अर्धा इंच. शेवटी जी समोरची पट्टी हातात आली ती बारा इंच. साडेबारा पाहिजे होती.

मी म्हटलं दादा हे कमी आहे. तो म्हणाला ताई, तुम्ही फळीच तेवढी आणली. बरोबर आहे न त्याचं. पण भाऊ, तू रोज पन्नास जणांचं कापतो, यादी वाचून दहा सेकंदात सांगू शकला असता की बेरीज पुरत नाही, एक इंच जास्त घ्या. सेठला सांगितलं तर म्हणाले दुसरी पट्टी घ्या, पण पैसे लागतील. त्या 20 रुपयाच्या कापाचे पैसे तरी सोडतील असं वाटलं होतं, नाही सोडले. चहा मात्र पाजला.

पाठीसाठी 6 एमएमचा प्लाय साडेबारा बाय 9, अन पार्टिशनसाठी 4 एमएमचे दोन तुकडे, साडेअकरापेक्षा दोन एमएम कमी रुंद, उंची एक साडेसात अन एक सहा. हे बाजूच्याच दुकानातून, उरलेल्या तुकड्यातून कापून 120 मधे दिलं. प्लाय घेताना एमआर अन बीडब्ल्यूआर विचारा, एमआर म्हणजे दमट हवा सहन करणारा, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा डिंक. कूलरसमोर ठेवायचं म्हणून मी बीडब्ल्यूआर घेतला, अन कड काळी पडलेला तुकडा बदलून मागितला तर दोन सेकंदात बदलून दिला, त्या माणसाला पाचपैकी पाच. सगळे तुकडे कापडी पिशवीत मावले, मेट्रोत मांडीवर घेऊन आले, अख्खी फळी असती तर दरवाज्यातच कोणाला तरी लागली असती.

घरी आल्यावर ती बारा इंची पट्टी घेऊन बसले. बाहेरून लावायची होती ती कमी पडते, मग आतून लावू, दोन बाजूंच्या मधे. त्याच्यासाठी साडेअकरा पाहिजे, म्हणजे आणखी अर्धा इंच हातानं कापा. साग हातकरवतीनं कापणं म्हणजे, जाऊ द्या. त्यात रेतीसारखी बारीक सिलिका असते, धार लवकर जाते, अन भुसा नाकात गेला की शिंका. वीस मिनिटं लागली अन काप जरा तिरपा आला, तो मी पॉलिश पेपरनं सरळ केला. पट्टी आत आल्यामुळे खोलीतला अर्धा इंच गेला, आता एकेक खण पावणेदोन इंचाचा, पहिले जवळपास दोनचा होणार होता. खरं सांगू तर आतल्या पट्टीनं ते जास्त चांगलं दिसते, बाजूच्या कडा पुढून सरळ खाली येतात. पण हे मी दुकानात जाऊन सांगणार नाही.

जोडताना दोनचार गोष्टी. सागात तेल असते त्यामुळे फेविकॉल लावायच्या जरा आधीच ती जागा 120 नंबरच्या पेपरनं घासायची, काल घासून आज लावलं तर पकड कमी येते. स्क्रूआधी अडीच एमएमचं भोक पाडायचंच, नाही तर अर्ध्या इंचाची फळी टोकाला उभी फाटते, मी एका जागी आळस केला अन तिथं बारीक चीर आहे, डाव्या बाजूला, पाहुण्यांना दिसत नाही मला रोज दिसते. क्लॅम्प नव्हते म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून चारी बाजूनं ताणून गुंडाळली अन एक दिवस तशीच ठेवली, एकदम पक्कं बसलं. काटकोन मात्र ट्यूब बांधल्यावर पुन्हा गुण्या लावून पाहा, ताणल्यानं सरकते.

पार्टिशनसाठी खाचा पाडल्याच नाही. हार्डवेअरमधून 50 रुपयाची पाइनची बीडिंग पट्टी आणली, सहा सहा इंचाचे आठ तुकडे केले, अन दोन्ही बाजूंना आतून जोडीजोडीनं उभे चिकटवले, मधे पाच एमएमची फट. त्या फटीत 4 एमएमचा प्लाय वरून सरकवायचा. चिकटवायचा नाही. दिवाळीत बाहेर काढून पुसता येते, अन फुगलं तर फुगायला जागा आहे. लाकूड रेषेच्या आडव्या बाजूला फुगते, लांबीत जवळपास नाही, म्हणून बाजू अन तळ दोघांची रेषा अशी आली पाहिजे की दोघं एकाच दिशेनं फुगतील. माझी तशी आली, ते नशीब, कारण एकाच फळीतून कापलं होतं.

फिनिशला मी जवसाचं तेल लावलं. आपल्याकडं जवसाची चटणी खाणारे लोक आहो, लाकडाला लावायचं म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं की मी वेडी झाली. घाणीवरून कच्चं तेल आणलं, 220 च्या पेपरनं घासून दोन पातळ हात दिले. कच्चं तेल वाळायला वेळ घेते, मला पहिला हात वाळायला पाच दिवस लागले फेब्रुवारीत, घाई असेल तर दुकानात बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळते ते घ्या. अन हे सिरियसली वाचा, ज्या फडक्यानं तेल लावलं ते गोळा करून डस्टबिनमधे टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होते अन बोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकते, मे महिन्याच्या नागपुरात तर बोलायलाच नको. पाण्यात बुडवा नाही तर दोरीवर मोकळं पसरवून वाळवा मग फेका.

खर्च, दुकानाचे रंधा अन काप धरून 520, प्लाय 120, स्क्रू 40, पॉलिश पेपर 45, फेविकॉल 60, पट्टी 50, तेल 100. झाले 935. ऑनलाइनवाला 699 चा होता, म्हणजे स्वस्त पडते म्हणून करणार असाल तर नका करू. अन माझे दोन रविवार गेले ते धरलेच नाही.

पण आता ऑगस्ट आहे. एप्रिल ते जून कूलर बरोबर समोर चालला, मग हा पाऊस, अन खोकं जसंच्या तसं. पार्टिशन मे महिन्यात जरा घट्ट सरकत होतं, निघत होतं पण. रंग मधासारखा होता तो थोडा गडद झाला. लाइटचं बिल दोन महिने लागोपाठ वेळेवर भरलं गेलं, आमच्या घरात ही बातमी आहे.

बाबांनी त्यांच्याकडून खोक्याचा एक स्टार कापला. म्हणाले समोरची पट्टी जास्तच उंच ठेवली, त्यामुळे पोस्टकार्ड आत पडलं की दिसत नाही. मी म्हटलं बाबा, पोस्टकार्ड येते कुठं आता. दुसऱ्या दिवशी त्यांनी 50 पैशाचं एक आणलं अन आपल्याच पत्त्यावर टाकलं, पाहू म्हणे किती दिवसात येते. चार दिवसात आलं. पुढच्या वेळी पट्टी तीन इंचाची, अन फळी 44 इंचाची.